बाईंचा तक्ता, चाचांचं तेल

मी गॅरेजवाला माणूस. बाई आल्या तेव्हा मी एका टेम्पोखाली उताणा पडलो होतो, आणि त्यांचा आवाज ऐकल्यावर तिथंच पडून राहिलो. बाहेरून मला फक्त काळ्या चपला आणि कडक इस्त्रीच्या साडीचा काठ दिसत होता. "मालक कोण आहेत इथले?" एवढंच त्या बोलल्या, आणि मी ओळखलं. पस्तीस वर्षांत त्या आवाजाची धार तसूभर कमी झाली नव्हती. रहिमतपूरच्या शाळेत आठवी ते दहावी ह्याच आवाजानं मला गणित शिकवलं होतं. म्हणजे त्यांनी शिकवलं होतं; मी काय शिकलो ते दहावीच्या निकालात आलं. सतरा मार्क.

"टेम्पोखाली जो कोणी आहे, त्यानं बाहेर यावं."

आलो. तोंडाला ग्रीस, हातात पाना. बाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाल्या, "तू होय! खिडकीजवळचा शेवटचा बाक."

"व्हय बाई."

"हो म्हण."

"हो बाई."

संपलं. पन्नाशी ओलांडलेला मी, सांगलीजवळच्या अख्ख्या माधवनगरात तापट म्हणून नाव, गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या झापणारा, दोन वाक्यांत आठवीत जाऊन बसलो.

बाईंच्या मागं टोचन करून आणलेली त्यांची लाल गाडी उभी होती. महापुरात सापडलेली. बाई राहायला साताऱ्याच्या वर, यवतेश्वरचा घाट चढून गेलं की पुढं एका लहान गावात. निवृत्त झाल्यावर तिथं घर बांधलं, साठीत गाडी शिकल्या, ही गाडी घेतली, आणि भाजी, औषधं, वाचनालयाची पुस्तकं, सगळं स्वतःचं स्वतः घाट उतरून साताऱ्यातून आणायच्या. त्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीकडं सांगलीला म्हणून आल्या, आणि कृष्णामाई बहिणीच्या पार्किंगमध्ये आली. पाणी ओसरल्यावर बाईंनी इंजिन चालू करून बघायचा आगाऊपणा केला नाही, म्हणून इंजिन वाचलं. पण गाडीचा कॉम्प्युटर असतो पायाशी, तो तीन दिवस पाण्यात होता. आणि ज्या कंपनीची गाडी, ती कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून देशातून गेलेली. तसला दुसरा कॉम्प्युटर मिळेना. दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले, तिसऱ्यानं भंगारवाल्याचा पत्ता दिला.

"माझा मुलगा पुण्यात असतो," बाई म्हणाल्या. "तो म्हणतो, आई, आता पुरे, इकडं ये. तिसऱ्या मजल्यावर एक खोली रिकामी केली आहे त्यानं माझ्यासाठी. एसटी आमच्याकडं दिवसातून दोनदा येते, गाडीशिवाय मी तिथं एकटी राहू शकत नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे. म्हणून मी त्याला शब्द दिलाय. दिवाळीच्या आत ही गाडी मी स्वतः चालवत घाट चढवून घरी नेली, तर मी माझ्या घरी राहणार. नाही जमलं, तर मुकाट्यानं त्याच्याबरोबर जाणार." मग जरा थांबून म्हणाल्या, "गावातली बारा मुलं संध्याकाळी माझ्याकडं गणिताला येतात. त्यांना अजून काही बोललेले नाही. तुला जमेल का? खरं सांग. थापा मारायची तुझी सवय मला माहीत आहे."

मी म्हटलं, जमेल. थापच होती ती, निम्मी तरी.

निम्मी अशी, की बाजारात कोरे कॉम्प्युटर मिळतात. कुठल्याच गाडीचे नसतात आणि कुठल्याही गाडीला बसतात. वायरिंग आपण जोडायचं, आणि पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, ते सगळं लॅपटॉपवरून आपणच भरायचं. रेसिंगच्या नादाला लागलेल्या कोल्हापूरच्या दोघा-तिघांच्या गाड्यांना मी तो बसवला होता. पण त्या जुन्या, सरळमार्गी गाड्या. बाईंच्या इंजिनात एक जास्तीची भानगड होती, आणि तिला मी जन्मात हात लावला नव्हता.

ती भानगड मी बाईंना सांगितली तशीच इथं सांगतो. इंजिनाला व्हॉल्व असतात, म्हणजे दारं. एका दारानं हवा आत येते, दुसऱ्यानं धूर बाहेर जातो. ही दारं उघडतो एक फिरता दांडा, त्याला कॅम म्हणतात. जुन्या गाड्यांत दार केव्हा उघडायचं ते कारखान्यात एकदा ठरलं की ठरलं. ह्या गाडीत तो दांडा चालत्या इंजिनात थोडा पुढं, थोडा मागं सरकवता येतो. सरकवतं कोण, तर इंजिनातलंच ऑईल. ते ऑईल इकडून तिकडं सोडायला नळाला असते तशी एक छोटी चावी असते आणि त्या चावीला हुकूम देतो कॉम्प्युटर. गाडी उभ्या उभ्या चालू असताना दांडा जागेवर राहिला पाहिजे, चढाला जोर लागला की पुढं गेला पाहिजे, आणि गाडी पळायला लागली की परत मागं आला पाहिजे.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे शाळेची घंटा. उन्हाळ्यात सकाळची शाळा, एरवी अकराची. शाळा तीच, मुलं तीच, घंटा पुढंमागं."

 जे समजायला मला चार दिवस लागले होते ते बाईंनी एका दमात फळ्यावर मांडलं.

"आणि ही घंटा दिलीच नाही तर?"

"तर शाळा भरंल बाई, पण वर्ग झोपा काढंल."

"मग द्यायची," म्हणाल्या आणि पर्समधून वही काढली.

आता चाचांची ओळख करून द्यायला पाहिजे. चाचा माझे उस्ताद. दहावी बुडाल्यावर वडिलांनी मला एसटीत घालून माधवनगरला आणलं आणि चाचांना म्हणाले, "मारा, झोडा, पण कामाचा करा." चाचांनी मारलं नाही कधी. पाना हातात दिला आणि कामाचा केला. आता ते पंचाहत्तरीचे, पण अजून टणक. गॅरेजात एसटीचं एक जुनं सीट आहे, दोघांचं, त्यावर सकाळी येऊन बसतात, चहा घेतात आणि प्रत्येक गाडीवर मत देतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठल्या सिलिंडरचा कुठला व्हॉल्व बोलतोय ते आजही सांगतात, आणि चुकत नाहीत. माझा लॅपटॉप बघून पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ह्याला वास येतो का रं?"

"न्हाई चाचा."

"मग ह्याला काय कळतंय डोंबल?"

बाई बहिणीच्या घरून रोज अकराला यायच्या, शाळेच्या वेळेवर, आणि त्याच सीटच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर बसायच्या. पहिले दोन दिवस दोघंही नाकासमोर बघत होते. तिसऱ्या दिवशी चाचांनी आपला चहा बशीत ओतून कप बाईंपुढं केला, "घ्या मास्तरीणबाई." त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही. इकडून बाई, "वायरींवर चिठ्ठ्या लाव, तुझ्या लक्षात राहायचं नाही," आणि तिकडून चाचा, "न्हाईच राहायचं!" दोन म्हाताऱ्यांनी संगनमत करून एका माणसाला असं छळलेलं मी तरी दुसरीकडं बघितलं नाही.

वायरिंगला तीन आठवडे गेले. पुराचा गाळ नको म्हणून इंजिनातलं ऑईल मी तीनदा बदललं, आणि शेवटी ह्या इंजिनाला सांगितलेलं असतं ते पातळ ऑईल भरलं. चाचांनी ऑईल मोजायची सळई, डिपस्टिक, काढून तिच्यावरचा थेंब बोटांत चोळून बघितला. "हे ऑईल हाय का पाणी?" मी म्हटलं, ह्या गाडीला हेच लागतं. चाचा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत, तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा बाईंनी टाळी वाजवली. एकदाच. मग इकडंतिकडं बघून हात मांडीवर घेतले.

घंटा अजून दिली नव्हती. दांडा जागेवर बांधून ठेवला होता. सपाटीला गाडी बरी चालली. पण सांगली म्हणजे परातीसारखी सपाट, चढ बघायचा तर मिरजेच्या पुढं दंडोबाच्या डोंगराला जावं लागतं. गेलो. गाडी बाईच चालवत होत्या. दुसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली आणि पहिल्या गिअरमध्ये रडत रडत वर पोचली. बाईंनी हँडब्रेक ओढला, ओठ घट्ट मिटलेले. म्हणाल्या, "यवतेश्वरचा घाट ह्याच्यापेक्षा खूप मोठा आहे."  मला तर बारा पोरं डोळ्यांपुढं दिसायला लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून घंटेचं काम काढलं. लॅपटॉपवर एक तक्ता असतो. आडवा इंजिनाचा वेग, उभा इंजिनावरचा भार, आणि मधल्या एकेका चौकोनात लिहायचं की दांडा किती अंश पुढं. अडीचशेच्या वर चौकोन. मी अंदाजपंचे दाहोदरसे भरत सुटलो. बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय? इथं पंचवीस आणि शेजारी पाच? मधल्या पायऱ्या कुठं गेल्या?"

देवाशप्पथ सांगतो, माझा हात आपोआप मागं गेला. पट्टी बसंल म्हणून. पायऱ्या लिही, नुसत्या उत्तराला मार्क नाहीत, हे वाक्य मी तीन वर्षं रोज ऐकलं होतं.

बाईंनी आलेखाची वही आणायला लावली. शिसपेन्सिल, पट्टी, खोडरबर. आम्ही दंडोबाला जायचो, कुठल्या चौकोनात गाडी ओढते आणि कुठं दमते ते मी ओरडून सांगायचो, आणि परत आल्यावर बाई वहीत रेघ काढून प्रत्येक चौकोनाचा आकडा काढायच्या. खोडायच्या, परत काढायच्या. आठ दिवसांत तो तक्ता असा झाला की वरून हात फिरवला तर कुठं खड्डा लागू नये.

पण तक्ता म्हणजे नुसता हुकूम. दांडा खरंच तिथं गेला का, ते बघायला सेन्सर असतात. स्क्रीनवर दोन रेघा पळतात, निळी म्हणजे मागितलेलं आणि लाल म्हणजे झालेलं. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या म्हणजे आपण जिंकलो. फरक पडला की कॉम्प्युटर दांड्याला ओढतो, आणि किती जोरानं ओढायचं त्याचा आकडा आपण द्यायचा. मी आपला माझ्या स्वभावाला धरून दणदणीत आकडा दिला. लाल रेघ नाचायला लागली. हुकमाच्या पुढं जाई, मग मागं, मग परत पुढं.

"डुलतीया," चाचा सीटवरून म्हणाले. त्यांनी स्क्रीन बघितलाच नव्हता.

बाई बराच वेळ त्या रेघांकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू फार जोरात दुरुस्त करतो आहेस. चूक दिसली की लगेच फटका दिला, की मूल घाबरून उलट्या बाजूची चूक करतं." आणि जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "मला ते फार उशिरा कळलं."

 खरं सांगायचं तर पस्तीस वर्षं माझ्या मनात बाईंबद्दल एक अढी होती. पट्टीची नव्हे, पट्टी सगळ्यांनीच खाल्ली. 'तुझ्या हातून गणित व्हायचं नाही' असं त्या एकदा भर वर्गात म्हणाल्या होत्या, त्याची. त्या दिवशी ती अढी निम्मी गेली.

आकडा कमी करत करत नेमका सापडला. दोन रेघांची एक झाली. दंडोबा गाडीनं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हसत खेळत चढला, आणि वर देवळापाशी बसून आम्ही तिघांनी बाईंच्या बहिणीनं दिलेला भडंग खाल्ला. "गाती रं गाडी," चाचा म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पद्मश्री मिळाल्यासारखं. मी बाईंना म्हटलं, परवा निघू.

निघायच्या दिवशी बाई एक मोठी निळी बॅग घेऊन आल्या. मी उचलायला पुढं झालो तर हात झटकून म्हणाल्या, "राहू दे, मीच ठेवते." डिकीत ठेवली, डिकी लावली. मला समजलं. हरलो तर ही बॅग घेऊन त्या तिथूनच पुण्याला जाणार. माझा सगळा उत्साह त्या बॅगेखाली दबला. चाचांना मी नको म्हणत असताना ते मागं जाऊन बसले होते, अंगात धुतलेला शर्ट, खिशात स्क्रू ड्रायव्हर.

हायवेला गाडी लोण्यासारखी आली. साताऱ्यात पोवई नाक्यावर बाईंचा मुलगा उभा होता. माणूस चांगला होता हो. आईच्या पाया पडला, मला 'दादा' म्हणाला, स्वतःची गाडी तिथंच लावून चाचांच्या शेजारी येऊन बसला. त्याला आईची काळजी होती, दुसरं काही नाही, आणि त्यामुळंच त्याच्यावर मला धड रागावताही येत नव्हतं.

गावाबाहेरच्या बोगद्याच्या अलीकडून घाटाला लागलो. पहिली दोन वळणं झाली. तिसऱ्यावर गाडीनं झटका दिला. मग दुसरा. ओढायची, सोडायची, परत ओढायची. मांडीवरच्या लॅपटॉपकडं बघितलं तर लाल रेघ तमाशातल्यासारखी नाचत होती. बाईंनी रस्ता जरा रुंद होता तिथं गाडी कडेला घेतली. खाली सगळा सातारा दिसत होता, समोर अजिंक्यतारा.

मी आकडा वाढवला. म्हटलं, नाचतेस काय, थांब, ओढतो तुला. गाडी निघाली, हात-दोन हात गेली आणि बंद पडून मागं घरंगळली. बाईंनी हँडब्रेक खेचला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, मग आकडा अजून वाढवला. अजूनच बिघडलं.

"आई," मागून मुलगा हळू आवाजात म्हणाला, "राहू दे आता. तू प्रयत्न केलास ना? खूप केलास."

बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर वरच्या वळणावर. त्या वळणाच्या पलीकडं त्यांचं घर होतं आणि डिकीत ती बॅग. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"डुलतीया," चाचा म्हणाले. "पर का डुलतीया? मी तर ऑईल बी घाटाचं टाकलंय."

मी गर्रकन मागं वळलो.

"काय टाकलंय?"

"घाटाचं! जाड. काल तू जेवाय गेलतास तवा. ते पाणी काढलं, बिस्मिल्ला म्हणून चांगलं दाट भरलं. मास्तरीणबाईंची गाडी घाट चढणार, आन मी तसल्या पातळ तेलावर लावून देतो व्हय?"

ही चाचांची रीत. चाळीस वर्षांची. कोकणात उतरणारा ट्रक असो का महाबळेश्वरला निघालेली जीप, गाडी घाटाला जाणार म्हटलं की आदल्या दिवशी चाचा तिचं ऑईल काढून जाड ऑईल भरणार, गिऱ्हाइकाला न सांगता, त्याचे पैसे न घेता. सांगून केलं की त्यातलं पुण्य जातं, म्हणतात. मी स्वतः त्यांच्या हाताखाली शंभर गाड्यांना ते भरलंय. मला कळायला पाहिजे होतं. हायवेला एका वेगात चाललो होतो, दांड्याला हलायचं कारणच नव्हतं, म्हणून तिथं काही दिसलं नाही. घाटात दर वळणाला हुकूम बदलायला लागला आणि जाड तेलानं पाय ओढले.

पण एवढा विचार करायला डोकं जागेवर पाहिजे. मी भडकलो. "चाचा, त्या तेलावर तर सगळा खेळ हाय! नुसतं वंगण न्हाई ते, त्यो दांडा ढकलतंय ते! इचारायचं तरी व्हतं! वाट लावली तुमी सगळ्याची!"

चाचांचं तोंड एवढंसं झालं. ते बाहेर बघायला लागले. ज्या माणसानं माझ्यावर कधी हात उगारला नाही त्याच्यावर मी पहिल्यांदा आवाज चढवला होता, आणि तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

"ओरडणं बंद कर," बाई म्हणाल्या. आवाज तोच, रहिमतपूरचा. "गणित चुकलं की आधी काय करायचं?"

"...दिलेलं काय हाय ते परत वाचायचं."

"वाच. काय बदललं?"

"तेल."

"जाड तेल म्हणजे काय?"

"दांडा हळू हलणार. हुकूम दिल्यावर उशिरा पोचणार."

"आणि तो पोचेपर्यंत तुझा कॉम्प्युटर काय करतो?"

"त्याला वाटतं पोचलाच नाही. अजून ओढतो."

"मग पोचतो तेव्हा?"

"पुढं निघून जातो. मग मागं ओढतो. मग तिकडं जास्त जातो."

"आणि तू आत्ता काय केलंस?"

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "अजून जोरात ओढायला सांगितलं."

मागून मुलगा पुटपुटला, "मीपण हिच्याच वर्गात होतो, दादा." पहिल्यांदाच त्याचा आवाज आपल्या बाजूचा वाटला.

"निम्मं कर," बाई म्हणाल्या.

"बाई, मग लय उशिरा येईल त्यो."

"येऊ दे. उशिरा येणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायचं नसतं. निम्मं कर."

केलं. तक्त्यात भार वाढतो तिथले चार-सहा चौकोनही अजून सावकाश चढते केले. बाई वहीत बघून आकडे सांगत होत्या, मी भरत होतो. मग त्यांनी पदर खोचला, पहिला गिअर टाकला आणि हँडब्रेक सोडला.

गाडी हलली. लाल रेघ निळीच्या मागं होती, चांगली हातभर मागं, पण नाचत नव्हती. सासऱ्यामागनं चालणाऱ्या नव्या सुनेसारखी, अंतर ठेवून पण त्याच वाटेनं. पहिलं वळण. झटका नाही. दुसरं. बाईंनी दुसरा गिअर टाकला, मी श्वास धरला, लाल रेघ आली, उशिरा आली, पण आली आणि हुकमावर थांबली. दंडोबाला होती तशी तरतरी नव्हती, खोटं कशाला बोलू, पण गाडी चढत होती, न कुरकुरता, दमादमानं.  मी आरशातून चाचांकडं बघितलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढून समोरच्या सीटच्या लोखंडाला लावला होता आणि मूठ कानाला.

"आता गाती," चाचा म्हणाले. "बारीक आवाजात, पर गाती."

मी मागं हात करून त्यांचा गुडघा धरला. "चुकलो चाचा." त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "पुढं बघ लेका, घाट हाय."

घाटमाथा लागला, वारं लागलं, आणि बाई एकदम मोठ्यानं हसल्या. शाळेत तीन वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. दार समोर आलं तर ओट्यावर ती बारा पोरं बसलेली, वह्या-पुस्तकं घेऊन. त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे. गाडी बघून एकच कालवा झाला.

मुलगा उतरला. तोंडावर हसू आणि हार, दोन्ही होतं. "जिंकलीस आई," म्हणाला आणि बॅग काढायला डिकीकडं गेला. बाई म्हणाल्या, "असू दे, मी घेते," पण तोवर त्यानं बॅगेची मूठ धरून जोर लावला होता, आणि जोर लावलेला माणूस बॅगेसकट दोन पावलं मागं गेला. त्यानं चेन उघडली. आत काही नव्हतं. साडी नाही, पंचा नाही, साधा टूथब्रश नाही.

"आई! ही तर रिकामी आहे! म्हणजे तू येणारच नव्हतीस?"

"येणार होते. शब्द दिला होता ना? नेसत्या साडीवर आले असते." बाई पायरीवर चपला काढत होत्या. मग मान वळवून त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "पण ह्याच्या गणितावर भरवसा होता. मग इस्त्रीच्या साड्या उगीच कशाला चुरगळायच्या?"

आणि आत गेल्या. पोरं त्यांच्या मागं.

मी जाऊन बॉनेट उघडलं. काही कारण नव्हतं. डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, परत काढली. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ग्रीसच्या हातांनी पुसताही येईना. सतरा मार्कवाल्या पोरावर त्या बाईनं आपलं घर पणाला लावलं होतं, आणि मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. उरलेली निम्मी अढी कुठल्या कुठं गेली.

चाचांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढं धरला. "डोळं पूस," म्हणाले. मग माझ्या हातातल्या डिपस्टिकवरचा थेंब बोटात घेऊन चोळला, "आन हे तेल बघ, कसं दाट हाय."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "व्हय चाचा, लय दाट हाय."

आतून बाईंचा आवाज आला, "हो म्हण!"